समुद्राकडची सून

सकाळच्या बातम्यांत वादळाचं नाव निघालं तेव्हा जयवंता चुलीपुढे होती आणि दूध उतू जायच्या बेतात होतं. रेडिओ ओसरीवर मामाजींच्या हाताशी असायचा. आंध्रच्या किनाऱ्यावर रात्री चक्रीवादळ आदळलं, ते आता वायव्येकडे सरकतं आहे, उद्या दुपारनंतर चंद्रपूर, भंडारा आणि नागपूर जिल्ह्यांत सोसाट्याचा वारा आणि मुसळधार पाऊस होईल, असं काहीसं तिच्या कानावर पडलं. तिनं पदरानं भगुणं उतरवलं.

"समुद्रातलं वादळ गा ते," तिचा नवरा रुपराव डोक्याला तेल चोपडत म्हणाला. त्याला इतवारीतलं धान्याचं दुकान उघडायची घाई होती. "सक्करदऱ्यापर्यंत चालत येईस्तोर त्याचेच पाय मोडून जातीन."

मामाजी, म्हणजे तिचे सासरे शालिकराम, हसले. यमुआत्याही हसली. ही शालिकरामांची धाकटी बहीण, विधवा, वीस वर्षांपासून याच घरात. कोठीच्या किल्ल्या तिच्या कमरेला. तिघं मिळून हसले, की त्या घरात एखादी गोष्ट निकालात निघाली असं समजायचं.

हसली नाही ती देवकी. धाकट्या देवरावची बायको. देवराव रेल्वेत गार्ड. चार वर्षं तिकडे समुद्राकाठच्या एका स्टेशनवर होता, आणि बदली होऊन आला तो हिला घेऊनच. लग्न झाल्यावर त्यानं बापाला पत्र टाकलं होतं. शालिकरामांनी दोघांना घरात घेतलं, दारात भाकरतुकडाही ओवाळला, पण दोन वर्षं झाली, सुनेशी ते थेट बोलले नव्हते. ती समोर उभी असली तरी म्हणायचे, "जयवंता, तिले पाणी आणाले सांग."

देवकी ओल्या हातांनीच ओसरीवर आली, बाजारभाव सुरू होईपर्यंत रेडिओपाशी उभी राहिली. मग अंगणात उतरली आणि वर बघत बघत घराला एक पूर्ण चक्कर मारली. पुढच्या दोन खोल्या आणि माजघर पक्क्या विटांचं, वर कवेलूंचं कौलारू छप्पर. मागची मामाजींची खोली मातीच्या भिंतींची, वर टीन. आणि त्या टिनावर ओणवा झालेला जुना निंब.

परत येऊन ती जयवंताला म्हणाली, "अक्का, दोरी पाहिजे. खूप दोरी. आणि बोरे. रेती भरून वर ठेवते."

"कायच्या वर?"

"टीनच्या वर. आणि..." तिनं मागे पाहिलं. "झाड कापते. फांदी, फांदी. नाही तर झाड घरावर पडते."

यमुआत्यानं कपाळावर हात मारला. "ऐकलं का दादा? निंब कापाले निघाली."

शालिकरामांचा चेहरा बदलला. तो निंब मीराबाईनं लावलेला होता, त्यांच्या बायकोनं. देवराव पोटात असताना माहेराहून येताना बैलगाडीत मांडीवर घेऊन आली होती ते रोप, ओल्या फडक्यात गुंडाळून. बाई जाऊन नऊ वर्षं झाली. म्हातारा तेव्हापासून मागच्याच खोलीत झोपायचा, टिनाखाली, उन्हाळ्यात अंग भाजून निघालं तरी.

"जयवंता," ते म्हणाले. देवकी त्यांच्यापासून तीन हातांवर उभी होती. "तिले सांग, निंबाले हात लागनार नाही. वादळ तिच्या गावाकडं असन. इथं नाही."

देवकीनं मान खाली घातली आणि आत गेली. जयवंताला ते बरं वाटलं नाही, पण फार वाईटही वाटलं नाही. खरं सांगायचं तर दोन वर्षांत तिनंही देवकीला कामापुरतंच जवळ केलं होतं. भात भात करते, चिंच जास्त घालते, हसताना तोंडावर हात धरते. अशा बारीकसारीक गोष्टींची तिच्या मनात एक अढी बसली होती.

पण देवकी गप्प बसणाऱ्यांतली नव्हती. विहिरीच्या रहाटाची जुनी दोरी तिनं काढली, गोठ्यातली दावी काढली, दोन जुनी लुगडी फाडून त्यांचे पीळ घातले. मग जयवंताला म्हणाली, "भाऊजीच्या दुकानात रिकामा बोरे असते ना?" जयवंतानं शेजारच्या सायकलवाल्याबरोबर इतवारीत निरोप धाडला. रुपराव दुपारी जेवायला आला तेव्हा हातगाडीवर चाळीस पोत्यांचा बारदाना घेऊन आला. वर म्हणाला, "हसू नोको, लकडगंजातले आरा मशीनवालेही लाकडं बांधून राहिले. त्याइचा एक माणूस बल्लारशाहून आला. म्हणे तिकडं आभाय पाहवत नाही."

"आन् देवरावभाऊजी?"

"त्याची गाडी बल्लारशालेच थांबली. खालच्या साऱ्या गाड्या बंद आहेत. तो सुखरूप आहे म्हणते." त्यानं एक पोतं उचललं आणि थेट देवकीलाच विचारलं, "किती भरू? अर्धं का पूर्ण?"

"अर्धं. पूर्ण भरलं तर टीन मोडते."

अशी त्या घरातली पहिली वीट हलली. यमुआत्याच्या ते ध्यानात आलं. ती कोठीत जाऊन दार लावून बसली.

दुपारभर रेती भरणं चाललं. देवकी शिडीवर चढून टिनाच्या कडांना दोरी ओवत होती आणि खाली खुंट्यांना ताण देत होती. तिची गाठ जयवंतानं कधी पाहिली नव्हती. ओढली की घट्ट, आणि एका टोकाला झटका दिला की मोकळी. स्वयंपाकघरात तिनं पोहे, फुटाणे, गूळ, काड्यापेट्या, मीठ असं एकेका डब्यात भरून झाकणाच्या कडेला कणकेचा लेप दिला. मडकी, घागरी, बंब, कढया, जे हाताला लागलं त्यात विहिरीचं पाणी भरून ठेवलं. "वादळानंतर विहीर खराब होते," म्हणाली. "पानी सगळीकडे, प्यायला नाही."

संध्याकाळच्या बातम्या लागल्या तेव्हा जयवंता ओसरीवर दशम्यांसाठी गूळ चिरत होती. देवकी अंगणात होती, हातात दोरीचं टोक. बातम्यांत किनाऱ्याकडच्या तालुक्यांची नावं आली. जयवंताला ती सगळी सारखीच वाटली. पण एका नावाला देवकीचा हात थांबला. मग पुन्हा गाठ मारायला वाकली.

जयवंता चिरणं सोडून तिच्याजवळ गेली.

"देवके, ते तुह्यं गाव होतं का वं?"

"गाव नाही, अक्का. माझं गाव तिथून तीन कोस."

"मंग दूर आहे."

"तीन कोस समुद्राकडे," देवकी म्हणाली.

सकाळपासूनचा सगळा दिवस जयवंताच्या डोळ्यांपुढून गेला. ही पोरगी सकाळी सातपासून शिडी चढते-उतरते आहे. हिच्या आईबापांच्या अंगावरून काल रात्री ते वादळ गेलं. घरात बाकी चार माणसं, आणि एकानंही विचारलं नाही. तिनं स्वतःही नाही. ती विळीवर बसून बातम्या ऐकत होती, जशा दुसऱ्या मुलखाच्या ऐकतात तशा.

"तू जेवली का सकाळपासून?"

देवकीनं मान हलवली. "नंतर. आधी घर."

जयवंता तिथून निघाली ती तडक मागच्या खोलीत. सासऱ्यांपुढे ती कधी आवाज चढवून बोललेली नव्हती. आजही चढवला नाही, पण डोक्यावरचा पदर घसरला होता तो सावरायचंही तिला सुचलं नाही.

"मामाजी, एक विचारू? ते पोट्टी सकाळपासून आपल्या घराले दोऱ्या बांधून राहिली. तिचं घर काल राती वादळात होतं. ते राहिलं का गेलं, तिची माय जित्ती आहे का नाही, तिले माहीत नाही. आपन कोणी पुसलं का तिले?"

शालिकराम बाजेवर बसले होते. त्यांच्या हातातली अडकित्त्यातली सुपारी तशीच राहिली.

"कोन्तं गाव म्हने तिचं?" त्यांनी विचारलं.

"मलेही माहीत नाही, मामाजी. दोन वर्षं झाले."

ते उठले. अंगणात आले. देवकी शेवटच्या खुंटीला दोरी आवळत होती. म्हातारा तिच्यासमोर जाऊन उभा राहिला, खाकरला, आणि जन्मात पहिल्यांदा तिच्याशी बोलला.

"बेटा, निंब कापाच लागते का?"

देवकीनं आधी मागे वळून पाहिलं, जयवंताशी बोलताहेत की काय म्हणून. जयवंता तर ओसरीवर होती. मग तिनं डोक्यावर पदर घेतला.

"कापत नाही, मामाजी. केस कापते." तिला शब्द सापडेनात, तिनं स्वतःची वेणी हातात धरून दाखवली. "केस कापला तर माणूस मरत नाही. परत येते. झाडाला केस जास्त, वारा केस पकडते, ओढते. केस नाही तर वारा काय पकडते? आमच्याकडे आई असं करते. आधी झाडाला सांगते. केस घेते, जीव नाही घेत."

शालिकराम निंबाकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "रुपराव, नत्थूजीले बलाव."

नत्थूजी पलीकडच्या गल्लीतला, लकडगंजात लाकूड फोडायला जायचा. अंधार पडायच्या आत तो कुऱ्हाड आणि दोर घेऊन आला. शालिकरामांनी आधी निंबाच्या बुंध्याला हात लावला. काय म्हणाले ते कुणाला ऐकू आलं नाही. मग बाजूला झाले आणि एकेक फांदी खाली येताना स्वतः ओढून कुंपणापलीकडे टाकत राहिले. सत्तरीचा माणूस, पण कुणी नको म्हणालं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळ उजाडली ती पिवळी. वारा नव्हता. सक्करदऱ्याच्या तळ्यावर एक पाखरू नव्हतं. दहाच्या सुमाराला वारा सुटला, दुपारी एकला पाऊस लागला, आणि तीन वाजता जे सुरू झालं त्याला वैशाखातलं वावधन, तो धुळीचा वादळी वारा, पाहिलेल्या माणसांजवळही शब्द नव्हता.

देवकीनं सगळ्यांना माजघरात घेतलं. मामाजी मागची खोली सोडायला तयार नव्हते. "टीन बांधलं, निंब उतरवला, आता काय?" असं त्यांचं म्हणणं. देवकीनं बाजेचं एक टोक धरलं, जयवंतानं दुसरं धरलं, आणि दोघी जावा बाज उचलून माजघरात घेऊन गेल्या. बाजेमागून म्हातारा आला.

चार वाजता दारावर थापा पडल्या. रुपरावनं जोर लावून दार उघडलं. समोरच्या झोपड्यांतली माणसं होती, तळ्याकाठची, लेकराबाळांसकट. त्यांची छपरं गेली होती. नत्थूजीही त्यांच्याबरोबर होता, पाठीवर म्हातारी आई. रुपरावनं यमुआत्याकडे पाहिलं. माजघर तिचं, कोठी तिची.

"पाहता काय? घ्या आत," यमुआत्या म्हणाली. "भिजून राहिले ते लेकरं."

मोजले तर घरचे धरून चोवीस जण झाले. यमुआत्यानं कमरेची किल्ली काढली आणि कालपासून जिच्याशी ती बोललेली नव्हती त्या देवकीच्या हातात ठेवली. "डबे कुठं ठेवले ते तुलेच माहीत. काढ." देवकीनं कणकेचा लेप फोडला. फुटाणे कोरडे होते, काड्या कोरड्या होत्या. यमुआत्या ओंजळी भरभरून पोहे वाढत होती आणि प्रत्येकाला सांगत होती, "आमच्या सुनेनं काल करून ठेवलं, म्हनून आहे बावा. नाही तर काय खाल्लं असतं?"

बाहेर कुणाचं तरी टीन उडून रस्त्यानं खणखणत गेलं. पोरं रडू लागली. मधेच शालिकराम एकदम उठले. "मीराबाईचा फोटो राहिला. मागच्या भिंतीले." ते दाराकडे निघाले. रुपराव त्यांना धरायला धावला, म्हातारा ऐकेना. "सोड मले. एकच तं फोटो आहे तिचा."

"मामाजी," देवकी म्हणाली. तिनं कोपऱ्यातला पितळी डबा उघडला. आत देवांचे टाक, जमिनीचे कागद, आणि खताच्या प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला तो फोटो होता. "काल घेतला. आधी फोटो घेते. आमच्याकडे फोटो वाहून जाते, मग माणसाचं तोंड कधी दिसत नाही."

शालिकरामांनी पिशवी सोडवली नाही. तशीच छातीशी धरून बसले. त्याच घटकेला मागच्या बाजूला असा आवाज झाला की घर हललं. सगळ्यांना कळलं होतं, पण काय पडलं ते पाहायला जायची सोय नव्हती.

आठ वाजता वारा गेला, नुसता पाऊस उरला. रुपराव कंदील घेऊन मागे गेला, त्याच्या मागे जयवंता. टीन जागेवर होतं, एक कोपरा सोडून. निंबाचा उघडा बुंधा उभा होता. पण खोलीची मागची भिंत भिजून, फुगून, आत कोसळली होती. बाज जिथे असायची बरोबर तिथे कमरेएवढा मातीचा ढिगारा.

रुपरावनं कंदील खाली ठेवला. जयवंतानं मागे वळून पाहिलं तर शालिकराम दाराशी उभे होते, त्यांच्या मागे देवकी. त्यांनी तो ढीग पाहिला. नंतर दोन्ही हात जोडले. देवापुढे जोडतात तसे जोडले होते, पण वळले ते देवकीकडे. देवकी घाबरून मागे सरली, म्हणाली, "नको, नको मामाजी," आणि वाकून त्यांच्या पाया पडली. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला तो बराच वेळ काढला नाही.

नंतरचे दोन दिवस गल्लीतल्या सगळ्या घरांनी यांच्या घागरींतलं पाणी प्यायलं, कारण विहिरी गढूळ झाल्या होत्या. नत्थूजीची म्हातारी आई रोज सकाळी येऊन देवकीच्या गालावरून बोटं उतरवून जायची. शालिकराम मात्र सकाळी उठले की कोट चढवून तार ऑफिसात जाऊन बसत. लाइन सुरू झाली का, एवढंच विचारत. देवकीच्या गावाचं नाव त्यांनी एका चिठ्ठीवर तिच्याकडूनच लिहून घेतलं होतं आणि जाताना पाठ केलं होतं. देवकी घरात सगळं काम करत होती, पण तिच्या ताटातलं अन्न ताटातच राहत होतं, आणि जयवंता ते झाकून ठेवत होती.

तिसऱ्या दिवशी दुपारी जयवंता अंगणात चिखल लोटत होती. गल्लीच्या तोंडाशी तारवाला सायकल धरून उभा होता आणि लोकांना काही विचारत होता. लोक माना हलवत होते. एकानं सांगितलं, "अशी कोणी इथं राहत नाही बाप्पा. मद्राशी नाव दिसते. रेल्वे क्वार्टरकडे पाहा." तारवाल्यानं सायकल वळवली.

शालिकराम नुकतेच तार ऑफिसातून हात हलवत परतले होते. त्यांनी ऐकलं. "थांब गा! काय नाव म्हनलं?"

"नागरत्नम. पत्ता नीट नाही, नुसतं सक्करदरा."

जयवंताच्या लक्षात आलं नाही. सून घरात आली तेव्हा ताटातल्या तांदळावर अंगठीनं 'देवकी' लिहिलं होतं. त्याआधी तिला काय म्हणत होते हे तिला ठाऊक नव्हतं. म्हाताऱ्याला ते या दोन दिवसांत चिठ्ठी लिहून घेताना कळलं होतं.

"माह्या घरची आहे ते," शालिकराम ठासून म्हणाले. "माही सून आहे. आन इकडं."

त्यांना इंग्रजी येत नव्हतं. तारवाल्यानंच वाचून दाखवलं. आई, बाप, भाऊ सुखरूप. शाळेच्या छपरावर होते. घर गेलं.

"सुखरूप म्हनते ना? पुन्हा वाच."

त्यानं पुन्हा वाचलं. शालिकराम अंगणातूनच ओरडले, पंचवीस वर्षांत या घरात कुणी ओरडलं नसेल इतक्या मोठ्यानं, "बेटा! नागरत्नम! तुही माय जित्ती आहे वं!"

देवकी स्वयंपाकघरातून आली. कागद हातात घेतला, वाचला, आणि उंबऱ्यावरच बसली. एवढ्या दिवसांत ती रडली नव्हती. आता रडायला लागली ती थांबेना. रडता रडता बोलू लागली, तिच्या भाषेत, भराभर, हातवारे करून. आईचं काहीतरी, घराचं काहीतरी, गाईचं असावं. जयवंतानं तिला धरलं. तिच्याही डोळ्यांना धार लागली होती. एवढं तिला कळत होतं की आपल्या घरची पाचही माणसं आज या उंबऱ्याच्या आत आहेत, आणि ती कुणामुळे आहेत.

"मामाजी, त्याइले इकडं बलावून घ्या," ती म्हणाली. "भाऊजी बल्लारशालेच आहेत. गाड्या सुरू झाल्या की घेऊन येतीन."

"ते मी सांगतलं कालच रुपरावले. मागची भित आता विटाची बांधू म्हनलं. पाहुणे मातीच्या खोलीत कायले ठेवाचे?"

यमुआत्या कोठीतून तांदळाचं सूप घेऊन आली होती. ती देवकीसमोर खाली बसली, सूप बाजूला ठेवलं आणि तिचे दोन्ही हात आपल्या हातात घेतले. देवकी एकदम गप्प झाली, पदरानं तोंड पुसू लागली, माफी मागितल्यासारखं मराठीत काहीतरी जुळवू लागली.

"नोको बदलू," यमुआत्या म्हणाली. "तसंच बोल. समजून राहिलं मले."